आठ पोलांचं अंतर

परळी वैजनाथ
१२ नोव्हेंबर २०२५

सत्तार,

वर सलाम लिहिला होता, तो खोडला आहे. खोडलेला दिसत असेल तर दिसू दे. त्यासाठी नवा कागद घ्यायची माझी इच्छा नाही.

तू फोन उचलत नाहीस. पहिल्या दिवशी मला वाटलं तुझ्या डोळ्याचं काही वाढलं असेल, डाव्या बुबुळावरच्या फुलामुळे नंबर दिसत नसेल. मग तुझ्या वहिनीच्या, तुळजाबाईच्या फोनवरून लावला, तोही उचलला नाहीस. म्हणून हे पत्र. तू लेकीकडे राहायला गेलास, तो पाटोद्याचा पत्ता मुबश्शिराच्या लग्नपत्रिकेवरून घेतला.

राख्या कुठे आहे?

विचारायचं एवढंच होतं. पण एवढं लिहून पाकीट चिकटवलं तर तू म्हणशील, बजरंगला काही कळलेलं नाही. म्हणून कळलं ते लिहितो.

धर्मापुरीला बहिणीच्या, म्हणजे बायनाबाईच्या, नातवाचं जावळ होतं. दोन रात्री राहून मी चार तारखेला परत आलो. अंगणात पोतं रिकामं. तुळजाबाई तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सुटून गेलं. दार उघडं ऱ्हायलं." खिळ्यावर त्याचा पट्टा लटकत होता, तूच जुन्या गाडीचा सीटबेल्ट कापून शिवलेला. पट्टा घरी आहे म्हणजे कुणी नेलेला नाही, सुटलाच असणार, असं मी धरलं.

चार दिवस शोधला. थर्मलच्या राखेच्या तळ्याकडे गेलो, साखर कारखान्याच्या मागे गेलो, रेल्वेच्या यार्डात गेलो तर तिथल्या माणसाने हाकलून दिलं. हाका मारून घसा बसला. पानाच्या टपरीवर एकजण म्हणाला, "आप्पा, कुत्रं हरवलंय का बायको?" बाकीचे हसले. मीही हसलो, काय करणार.

पाचव्या दिवशी शेजारच्या छबुबाईने विचारलं, "कावून हिंडताय हो उन्हात? तुमीच दिलं न्हवं त्येला सत्तारमिस्त्रीला? साध्या सुती दोरीनं नेत व्हते. लई शहाण्यावानी चाललं व्हतं बघा. कोपऱ्यावर ती तीन कुत्री बसल्याली, त्यायच्याकडं बघून बी गप."

सत्तार, खरं सांगतो, हे ऐकून मला आधी आनंद झाला. तीन कुत्री, कोपऱ्यावर, एवढ्या जवळून, आणि राख्या गप. आपण दोघांनी वर्षभर ज्यासाठी पाय झिजवले ते झालं. मी छबुबाईला दोनदा विचारलं, "एकदा पण भुंकला न्हाई?" ती म्हणाली, न्हाई.

मग बाकीचं कळलं आणि मी तिच्याच ओट्यावर बसलो.

तू पाटोद्याला निघायच्या आधी माझ्याकडे आलास. चहा घेतलास. गळ्यात पडलास. बशी खाली ठेवताना विचारलंस, "धर्मापुरीला किती दिस हायस?" मी म्हणालो, दोन रात्री. मला वाटलं, मित्र आहे, विचारतोय.

थंडी पडली आहे. त्याला खाली एक आणि वर एक अशी दोन पोती लागतात. हाडं देऊ नकोस, मागच्या वेळी घशात अडकलं होतं. रेबीजची सुई पौषात आहे, कार्ड माझ्याकडे आहे. जिथे ठेवला असशील तिथल्या माणसाला हे सांग.

बजरंग


२० नोव्हेंबर २०२५

सत्तार,

आठ दिवस पोस्टमनची वाट बघितली. आज तो आला तो विजेचं बिल घेऊन.

तुला आठवण राहिली नसेल म्हणून लिहितो, नाहीतर म्हणशील, एक कुत्रं तर होतं.

राख्या मला राखेच्या गाडीखाली सापडला, पाच-सहा महिन्यांचा. भटक्या कुत्र्यांनी मांडी फाडली होती. जखम भरली पण भीती भरली नाही. दुसरं कुत्रं नुसतं लांब दिसलं तरी तोंडाला फेस येईपर्यंत भुंकायचा, पट्टा ओढायचा, मागच्या पायांवर उभा राहायचा. लोक काठ्या घेऊन यायचे. मीही एकदा चप्पल काढली होती, तेव्हा तू माझा हात धरलास. "भित्र्याला मारून त्येची भीती जाती का बे? तुझी गेलती का मास्तरच्या छडीनं?"

तूच मला जनावरांच्या दवाखान्यात योगिता मॅडमकडे नेलंस. त्यांनी सांगितलं, याला रागावू नका, हा चिडका नाही, घाबरट आहे. असं अंतर शोधा की याला दुसरं कुत्रं दिसतं पण हा भुंकत नाही. तिथे थांबा. त्याने बघितलं की लगेच तोंडात तुकडा द्या. रोज. काही दिवसांनी कुत्रं दिसलं की हा आपोआप मान वळवून तुमच्याकडे बघेल. मान वळली की काम झालं. मग एकेक पाऊल पुढे.

अंतर कशाने मोजायचं हे मॅडमना माहीत नव्हतं. तीस वर्षं थर्मल वीजकेंद्रात खलाशी, म्हणजे हेल्पर, होतो, मी विजेच्या पोलांनी मोजलं. तुझ्या गॅरेजवरची मुन्नी तू रस्त्याच्या त्या टोकाला बांधायचास, बिचारी म्हातारी कुत्री, कुणावर गुरगुरायची नाही. मी राख्याला घेऊन मागे मागे जायचो. आठ पोलांवर तो गप्प राहिला. आठ पोल, सत्तार. तिथून मुन्नी उंदराएवढी दिसत होती.

आणि मग तुकड्याचं निघालं.

मी फुटाणे नेले होते. त्याने हुंगून सोडले. भाकरी सोडली. गूळ सोडला. तू म्हणालास, "कलेजी आन, उकडून. मग बघ." मी गळ्यातली माळ दाखवली. माळकरी माणूस, कलेजीला हात कसा लावणार. तू हसलास. "तू पट्टा धर, मी तुकडा धरतो. तुझा धरम बी ऱ्हाईल आन कुत्र्याचं पोट बी." हमीदाभाभीने घरातलं पातेलं दिलं नाही, तेव्हा ऑइलचा डबा घासून तू गॅरेजच्या स्टोव्हवर कलेजी उकडलीस.

वर्षभर असंच. मी डावीकडे पट्टा धरून, तू उजवीकडे खिशात तुकडे घेऊन. आठाचे सहा झाले, सहाचे चार. पहिल्यांदा त्याची मान वळली त्या दिवशी तू रस्त्यातच खाली बसलास आणि मागून येणारा हायवा डंपरवाला हॉर्न मारत राहिला. भाभी म्हणाल्या होत्या, "दोन म्हातारे, दोन कुत्रे. चौघांत मिळून एक डोकं न्हाई."

मान तुझ्याकडे वळायची. मला ते तेव्हा दिसत होतं, पण मोजायच्या नादात मी ते मनावर घेतलं नाही. मी पोल मोजत होतो.

आता कळतं की सुती दोरीने तो तुझ्यामागे का गेला. माझ्या पोराने, अंगदने ओढला असता तर त्याने गल्ली डोक्यावर घेतली असती. दुनियेत एकच माणूस त्याला न भुंकता माझ्या दारातून बाहेर काढू शकत होता. आणि त्या माणसाला मी माझ्याच अंगणात, माझ्या माळेची शुद्धता सांभाळत, तयार केलं.

तू पत्र लिहीत नसशील तर कुणाकडून तरी लिहून घे. तो जिवंत आहे का एवढं कळव. मला झोप नाही. तुळजाबाई म्हणते बीपी वाढलं. वाढू दे.

बजरंग


६ डिसेंबर २०२५

सत्तार,

काल मुबश्शिराचा फोन आला. तू पलीकडे बसला होतास, तुझा खोकला मी ओळखतो.

ती म्हणाली, "चाचा, अब्बू कायच बोलत न्हाईत. दोन्ही पत्रं मीच वाचून दाखवली, नुस्तं ऐकून घेतलं. राख्या हितंच हाय, आमच्याकडं. मुन्नीसंगं." मग म्हणाली, "अंगददादानं टेम्पो सांगितला व्हता. घाटात नेऊन सोडायला. अब्बू म्हनले, घाटात नको, मी नेतो. दादानं कसम घातली, आप्पाला सांगायचं न्हाई, न्हाय तर ते जाऊन घेऊन येतील."

मी अंगदला पुण्याला फोन लावला. नाही म्हणाला नाही. उलट म्हणाला, "तुमी त्या कुत्र्यापायी हायवाखाली जाल एखाद दिवशी. हात मोडला तो बाथरूममदी मोडला का? सत्तारचाचानं सांगितलं मला समदं."

म्हणजे ते पण तूच.

मनगट मोडलं तेव्हा मी घरी सांगितलं, बाथरूममध्ये घसरलो. रस्त्यावर पडलो हे फक्त तुला सांगितलं. तू माझ्या प्लॅस्टरवर हात ठेवून म्हणालास, "माझ्या तोंडातून न्हाई जाणार." गेलं की.

तू राख्याला घाटातून वाचवलंस, हे मला समजतं. मी मूर्ख नाही. पण मला सांगायला काय झालं होतं? एकदा म्हणाला असतास, बजरंगा, तुझं पोरगं असं करायला निघालंय. मी राख्याला स्वतः तुझ्या सामानाच्या टेम्पोत चढवला असता. पोती दिली असती, पट्टा दिला असता, कार्ड दिलं असतं. अंगद खोटं बोलला, तो पोरगा आहे, बापाच्या भीतीने बोलला. तुळजाबाईने तूर निवडत खोटं सांगितलं, ती घरातली आहे, तिच्याशी मी अजून एका ताटात जेवतो. पण तू? मी चार दिवस हाका मारत हिंडत होतो तेव्हा माझा फोन तुझ्या खिशात वाजत होता.

इथपर्यंत परवा लिहून ठेवलं होतं. पुढचं लिहावं की नाही ते ठरत नव्हतं.

ऑगस्टात तू डोळा दाखवायला बीडला गेलास, दोन दिवस. मुन्नीला माझ्याकडे बांधून गेलास. परत आल्यावर तिचा अर्धा कान नव्हता आणि माझा हात गळ्यात. मी तुला सांगितलं, भटकी कुत्री आली, मुन्नीवर पडली, सोडवताना मी पडलो.

भटकी कुत्री आली नव्हती.

तू पाटोद्याला जाणार हे तेव्हा कळलं होतं. मला एकच काळजी, तू गेल्यावर तुकडा कोण देणार. म्हटलं, तू नसताना एकट्याने जमवून बघू. मुन्नीला पोलाला बांधलं आणि राख्याला घेऊन चार पोलांवरून सुरुवात केली. मॅडमनी एका पोलाच्या आत जायचं नाही सांगितलं होतं. खिशात फुटाणे होते. हो, फुटाणेच.

प्रत्येक पोलाजवळ त्याने मुन्नीकडे बघितलं आणि मान वळवली. बरोबर वळवली, सत्तार. उजवीकडे. तिथे तू नव्हतास. मी डावीकडून फुटाणे पुढे करत होतो, तो रिकाम्या जागेकडे बघत होता. चार, तीन, दोन, एक. मला वाटलं, जमतंय, गप आहे की. मी आणखी आत गेलो. त्याने परत उजवीकडे बघितलं, कुणी नाही, परत बघितलं, कुणी नाही. मग बघायला दुसरं काही उरलं नाही तेव्हा त्याने मुन्नीकडे बघितलं.

मी पट्टा सोडला नाही. त्याने मला फरफटत नेलं. एका हायवावाल्याने उतरून पाण्याचा कॅन ओतला तेव्हा कान सुटला.

तू मुन्नीच्या कानाला हळद लावत होतास. बराच वेळ लावत होतास. मला काही विचारलं नाहीस. मला वाटलं तुला पटलं. आता वाटतं तुला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तू ऑइलचा डबा घेऊन आलास.

हे लिहिलं म्हणून मी माफ केलं असं समजू नकोस. माझं मी लिहिलं, तुझं तुझ्याकडे आहे. राख्या मला परत पाहिजे. अंगद काहीही म्हणो. मी येऊन घेऊन जाईन.

बजरंग


२३ डिसेंबर २०२५

सत्तार,

मी येऊन गेलो. तुला दिसलो नाही हे मला माहीत आहे. तुझ्या डाव्या डोळ्याच्या बाजूलाच उभा होतो.

रविवारी पहाटेच्या गाडीने निघालो, बीडला बदलली. तुळजाबाईला सांगितलं, बायनाबाईकडे चाललो. आता आमच्या घरात सगळेच असं बोलतात. पिशवीत सीटबेल्टचा पट्टा होता. बीडच्या स्टँडवर मी माळ काढली, कपाळाला लावली आणि रुमालात बांधून पिशवीत ठेवली. एकोणतीस वर्षांनी. मग पाटोद्यात उतरल्यावर स्टँडच्या मागे एका दुकानातून कलेजी घेतली, आणि शेजारच्या हॉटेलवाल्याला म्हणालो, उकडून दे. त्याने विचारलं, "तिखट-मीठ?" मी म्हणालो, काही नको. तो माझ्याकडे बघत राहिला. चार-पाच तुकडे करून ते कॅरीबॅगमध्ये, सदऱ्याच्या उजव्या खिशात ठेवले. उजव्याच. वास बोटांना लागला तो लागला.

तू दोन्ही कुत्र्यांना घेऊन कुठल्या रस्त्याला जातोस हे मी मुबश्शिराला फोनवर सहज विचारावं तसं विचारून ठेवलं होतं. तिला बोलू नकोस, तिला काही कळलं नाही.

ऊन उतरल्यावर तू आलास. मी एका उभ्या ट्रॉलीच्या आडोशाला होतो. आधी मुन्नी दिसली, अर्ध्या कानाची. आणि तिला लागून, अंगाला अंग घासत, राख्या. एकाच बाजूला दोघं. त्याची दोरी तुझ्या दोन बोटांत होती, आणि ढिली, इतकी की मधे झोळ पडला होता. आपल्याला एका पोलाच्या पुढे जाऊन हेच बघायचं होतं. दोघांनी मिळून.

समोरून एक पांढरं कुत्रं गेलं. राख्याने बघितलं, मान वळवली, तुझ्याकडे. तू तुकडा पण दिला नाहीस. नुसतं "हं" म्हणालास. तो चालत राहिला.

तेव्हा मी आडोशातून बाहेर आलो आणि रस्त्याच्या कडेला, तुझ्या डाव्या अंगाला, उभा राहिलो. तुमच्यात आणि माझ्यात एक पोल.

तो थांबला. कान उभे. एक पाय वर धरला तो तसाच. त्याने मला ओळखलं, सत्तार. शेपटी हलली नाही पण अंग सगळं थरथरलं, पाठीवरचे केस उभे राहिले. दुसरं कुत्रं दिसल्यावर पहिल्यांदा व्हायचं ना, तसंच. दोरीचा झोळ गेला. मी खिशात हात घातला. तोंडात त्याचं नाव आलं होतं. हाक मारली असती तर तो दोरीसकट आला असता, असं मला वाटतं. बसमध्ये दोन वेळा वाटलं आणि आत्ता लिहितानाही वाटतं.

पण मी हाक मारायच्या आत त्याने मान वळवली.

तुझ्याकडे. तुझ्या खिशाकडे. जसं शिकवलं तसं. जे बघून आत ढवळतं त्याच्याकडे बघायचं, ओढायचं नाही, आणि मान वळवून आपल्या माणसाकडे बघायचं. तुला समोर काय आहे ते दिसलं नाही, पण दोरी ताणलेली कळली असणार. तू खाली वाकून त्याला तुकडा दिलास आणि म्हणालास, "शाब्बास बेटा." मला ऐकू आलं.

मॅडमनी एक नियम सांगितला होता. त्याने मान वळवली की समोरच्या कुत्र्याला मागे न्यायचं, म्हणजे त्याला कळतं, गप राहिलं की भीती जाते. मुन्नीला आपण असंच मागे न्यायचो.

मी मागे फिरलो. पोल मोजत गेलो. आठ झाल्यावर वळून बघितलं. तुम्ही तिघं उंदराएवढे दिसत होता.

कलेजी स्टँडवरच्या एका कुत्रीला घातली. माळ अजून रुमालातच आहे. हात कितीदा धुतले पण माळेला लावायला होत नाही. महाराजांकडे जाऊन परत घालून घ्यावी लागेल, आणि काढली कशासाठी ते सांगावं लागेल.

सीटबेल्टचा पट्टा आणि सुईचं कार्ड पार्सलने वेगळं पाठवतो आहे. सुती दोरी टाकून दे, ती एक दिवस तुटेल. पट्ट्याच्या कडीजवळ शिलाई उसवली होती, ती मी दाभणाने घट्ट केली आहे. सुई पौष लागलाय तर आताच दे, उशीर करू नकोस. तारीख कार्डावर आहे. अंगदला कळवलं आहे की मी आता कुत्र्याचं नाव काढणार नाही, त्याने निर्धास्त झोपावं.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तू मला विचारायला पाहिजे होतं. मी हो म्हणालो असतो की नाही ते आता कुणाला माहीत, पण विचारायला पाहिजे होतं. तीस वर्षं एका टपरीवर चहा प्यालो आपण.

हे मिळाल्यावर फोन करावासा वाटला तर कर, मी उचलेन. पण तो जवळ असताना करू नकोस. फोनमधून त्याला माझा आवाज जाईल, तो थांबेल, कान उभे करेल आणि मग मान वळवेल. मला इकडून दिसणार नाही. पण तू शाब्बास म्हणशील, ते ऐकू येईल.

बजरंग